सहा महिने अंथरुणावर, तरी पाठ स्वच्छ

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बघायला घरी येणारे मुरलेले डॉक्टर एक गोष्ट हमखास करतात. पेशंटला कुशीवर वळवायला लावतात आणि पाठ, खुबे, टाचा नीट पाहतात. सहा महिने उठून न बसलेल्या माणसाची कातडी कोरडी, मऊ, कुठे डाग नसलेली दिसली की विचारतात, "इथे कामाला कोण असतं?" दाराआड उभ्या असलेल्या मावशींना पुढे बोलावलं जातं. या व्यवसायात प्रमाणपत्रं बरीच मिळतात, पण त्या स्वच्छ पाठीपेक्षा मोठं एकही नाही.

म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांना आपल्याकडे धड एक नाव नाही. ब्यूरोची (घरी अशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची) बाई, मावशी, आया, मामा, ब्रदर, केअरटेकर, आणि कोर्सच्या कागदावर 'जनरल ड्युटी असिस्टंट'. २०११ च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेली माणसं १० कोटींच्या वर होती. पुण्या-मुंबईत तर ज्या घरात मुलं परगावी किंवा परदेशी आहेत, तिथे आजी-आजोबांचा दिवस सकाळी आठला ड्युटीवर येणाऱ्या माणसाच्या हातात असतो. "पुण्याचं काम करतेस हो," असं त्यांना सगळेच म्हणतात. पण नुसत्या पुण्यावर बारा तासांची ड्युटी निभत नाही. निभते ती कामाच्या नेमक्या माहितीवर, आणि समाधानही त्या माहितीतूनच येतं. काय केलं म्हणून काय टळलं हे ज्याला कळतं, त्याला रोज संध्याकाळी काहीतरी हाती लागतं. म्हणून हे लिहिताना कामाचे तपशील बाजूला ठेवता येत नाहीत.

सुरुवात पाठीपासूनच करू. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होतो तो हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबल्यामुळे. दाबाने रक्त पोचत नाही आणि मांस आतून मरायला लागतं. वरून दिसेपर्यंत आत बरंच बिघडलेलं असू शकतं. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाडाच्या वरचा भाग, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, आणि कुशीवर झोपवलं तर कानाची पाळी. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. हे सगळ्यांना पाठ असतं, पण कूस कशी बदलायची ते फार थोड्यांना कुणी हाताला धरून शिकवलेलं असतं.

आधी सांगायचं. "आजोबा, आता खिडकीकडे वळवते हं तुम्हाला." पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. पलीकडचा हात छातीवर आणायचा, पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यामागे आणि दुसरा खुब्यामागे घालून आपल्याकडे ओढून घ्यायचं. पाठीमागे उशी. मग थोडं मागे सैल सोडायचं, म्हणजे माणूस पूर्ण काटकोनात आडवा न राहता साधारण ३० अंशांवर कलता राहतो. नव्वद अंशांत ठेवलं तर सगळा भार एका खुब्याच्या टोकावर येतो आणि पाठ वाचवता वाचवता खुबा जातो. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली एक उशी, अशी की टाच हवेत राहील. तिच्याखालून हात सहज फिरला पाहिजे. शेवटी चार गोष्टी बघायच्या: खालचा कान दुमडला नाही ना, खालचा खांदा शरीराखाली चेपला नाही ना, कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी मांडीखाली अडकली नाही ना, चादरीला चुणी नाही ना. हात बसला की याला तीन मिनिटं लागतात.

पेशंट खाली घसरला की काखेत हात घालून वर ओढायची सवय अनेकांना असते. त्यात कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे सरकतं, म्हणजे आतल्या आत फाटतं. त्यासाठी कमरेखाली आडवी चादर कायम घातलेली असावी, आणि दोघांनी दोन बाजूंनी ती गच्च धरून उचलून वर घ्यावं. घरातल्या कुणाला तरी एक मिनिट हाक मारायला लाजू नये. आणि पलंगाची डोक्याकडची बाजू तासन्‌तास उंच ठेवली की माणूस घसरतोच. जेवणापुरती आणि त्यानंतर थोडा वेळ उंच ठेवावी, मग खाली आणावी.

लाली दिसली तर बोटाने दाबून सोडायचं. पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लाल तसंच राहिलं, तर ती पहिली पायरी. पण हे गोऱ्या कातडीचं गणित आहे. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे शेजारच्या जागेशी ताडून बघावं लागतं: जास्त काळपट झालंय का, जास्त गरम लागतंय का, हाताला टणक किंवा भुसभुशीत लागतंय का. त्या जागेवर चोळायचं नाही. पूर्वी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची पद्धत हॉस्पिटलांमध्ये सर्रास होती, आणि बरेच नातेवाईक आजही तसा आग्रह धरतात. दुखावलेल्या कातडीला चोळण्याने आणखी इजा होते, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावं. रबरी रिंगवर बसवणंही तसंच, मधली जागा सुटते पण कडेला गोल दाब बसून रक्त अडतं.

एअर बेडची एक चूक तर घरोघरी दिसते. महागाची गादी आणतात आणि "आजींना थंड लागतं" म्हणून तिच्यावर गोधडी घालतात, वर रबरी शीट, वर आणखी एक चादर. खाली हवा भरते-उतरते आहे, पण आजींना ती पोचतच नाही आणि रबरामुळे घाम साचतो तो वेगळाच. गादीवर एकच पातळ सुती चादर हवी. थंडी वाजत असेल तर पांघरूण वरून वाढवावं. पंपावरचा दाब पेशंटच्या वजनाप्रमाणे लावावा आणि कमरेखाली गादीच्या तळाशी हात सरकवून बघावा. हाताला हाड टेकल्यासारखं लागलं तर हवा कमी आहे. लाइट गेली की पंप बंद पडतो, हे रात्रपाळीवाल्याच्या डोक्यात पक्कं असलं पाहिजे. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची टाळता येत नाही.

हे सगळं केल्यावर बघण्यासारखं काय मिळतं? काहीच नाही. जखम होत नाही, ड्रेसिंग लागत नाही, वास येत नाही, ताप चढत नाही, नात आजीच्या कुशीत येऊन बसायला कचरत नाही. या कामातलं बरंचसं यश असं न घडलेल्या गोष्टींत असतं. ते बाहेरच्याला दिसत नाही. ते दिसायला लागतं तेव्हाच या कामात मन लागतं.

जेवण भरवणं हे दुसरं मोठं काम, आणि माझ्या मते सगळ्यांत नाजूक. लकवा झालेल्या किंवा पार्किन्सनच्या पेशंटला घन पदार्थांपेक्षा पाणी जास्त धोक्याचं असतं. पाणी, चहा, पातळ ताक घशात चटकन उतरतं आणि गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत श्वासनळीकडे जातं. म्हणून "चावता येत नाही ना, मग पातळ द्या" हा घरचा सल्ला उलटा पडतो. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपत दाट द्यावं: नाचणीच्या सत्त्वाची दाट पेज, घोटलेली खिमट, मुगाचं आटवलेलं कढण, घट्ट दही फेटून. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ टाळावेत. पातळ आमटीत तरंगणारी शितं किंवा चहात अर्धवट भिजलेलं बिस्किट, यात तोंडाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही. चहा-बिस्किट हा आजोबांचा जीव की प्राण असतो. तेव्हा बिस्किट पूर्ण विरघळवून त्याची खीर करावी आणि तो स्वाद त्यांना द्यावा. पाणी किती दाट करायचं हे स्पीच थेरपिस्टकडून ठरवून घेतलं तर उत्तम.

माणसाला पूर्ण ताठ बसवायचं. आपण समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं; उभं राहून भरवलं की ते मान वर करतात आणि मान वर गेली की श्वासनळीची वाट उघडते. हनुवटी किंचित खाली. छोटा चमचा, अर्धा भरलेला, जिभेच्या मध्यावर. लकव्यात तोंडाच्या चांगल्या बाजूने. मग थांबायचं. गळ्याचा उंचवटा वर जाऊन खाली आला म्हणजे घोट गेला. तेवढ्यावरही विश्वास न ठेवता मधूनमधून "बरं लागतंय का?" विचारायचं आणि आवाज ऐकायचा. आवाज ओला, गुळगुळल्यासारखा आला तर घशात काहीतरी राहिलंय. खोकायला लावायचं, रिकामा घोट गिळायला सांगायचं, आणि आवाज साफ होईपर्यंत पुढचा चमचा द्यायचा नाही. जेवण झाल्यावर गालाच्या आतून बोटाला गॉज गुंडाळून फिरवायचा, लकव्याच्या बाजूला शितं साठतात. अर्धा तास बसतं ठेवायचं. एक वाटी पेज भरवायला अशी चाळीस मिनिटं जाऊ शकतात. घाई करणारे नातेवाईक असले तर घड्याळापेक्षा आजोबांचा गळा बघायला त्यांना शिकवावं.

आणि मग एखाद्या दिवशी आजोबा चमचा स्वतः धरतात. हात थरथरतो, निम्मी पेज पंच्यावर सांडते. तेव्हा चमचा काढून घ्यायचा नाही. आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवायचा, आणि रोज थोडा थोडा सैल करायचा. चमच्याच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला की पकड सुधारते. ज्याने हे स्वतः पाहिलंय, त्याला या कामात काय मिळतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, असेल तर प्रत्येक फीडच्या (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाच्या) आधी नाकापाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते बघावं. सरकली असेल तर फीड द्यायचं नाही, नर्स किंवा डॉक्टरला कळवायचं. डोकं ३० ते ४५ अंश उंच, फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी, आणि फीड बारीक गाळणीतून गाळलेलं. कूस आधी बदलावी, मग फीड. भरल्या पोटी हलवलं तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती. युरिन बॅग नेहमी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकलेली. लघवी येत नाही असं वाटलं तर घाबरण्याआधी नळीला पीळ बसलाय का ते बघावं, निम्म्या वेळा तिथेच उत्तर असतं. नळी मोकळी असूनही येत नसेल तर मात्र लगेच फोन.

आता नजरेबद्दल. डॉक्टर पंधरा मिनिटं असतात, मुलगा रात्री अर्धा तास बसतो. बारा तास सोबत असतो तो एकच माणूस. म्हाताऱ्या शरीरात आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. लघवीच्या इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही. येतं ते असं: कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज दुपारी भिंतीवरची किडा-मुंगी हाताने झटकायला लागतात, जी भिंतीवर नसतेच. घरचे म्हणतात, "वयामुळे भ्रम झाला." पण एका दिवसात आलेला गोंधळ वयाचा नसतो. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, शरीरातलं पाणी कमी होणं, चार दिवसांचा मलावरोध, न्यूमोनिया, नुकतंच सुरू झालेलं झोपेचं औषध, यांपैकी काहीतरी असतं आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपाय असतो. "कालपर्यंत अशा नव्हत्या, आज दुपारी तीनपासून आहेत" हे वेळेसकट सांगू शकणारा माणूस त्या घरात एकच असतो. त्या एका वाक्यावर डॉक्टर तपासण्या ठरवतात.

त्यासाठी वही हवी. साधी शंभर पानी चालते. वेळ, काय आणि किती प्यायल्या, लघवी किती आणि रंग कसा, संडास झाली का, कूस कुठली, कातडी कशी, झोप, बोलणं. 'ठीक' हा शब्द वहीत लिहू नये, त्यातून कुणाला काहीच कळत नाही. 'दुपारी वाटीभर भातापैकी चार चमचे, मग तोंड फिरवलं' असं लिहावं. रक्तातली साखर ७० च्या खाली आली आणि पेशंट शुद्धीवर, गिळू शकणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहावेत. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट हॉस्पिटल. इन्सुलिन किंवा कुठलंही इंजेक्शन देणं हे सहाय्यकाचं काम नाही. घरच्यांनी गळ घातली तरी नम्रपणे नाही म्हणावं.

मर्यादा आणि लाज याबद्दल फार कमी बोललं जातं. आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेल्या आजींना परक्या बाईसमोर उघडं व्हावं लागतं, हा त्यांच्यासाठी आजारापेक्षा मोठा घाव असतो. स्पंजिंग करताना पूर्ण उघडं करायची गरजच नसते. अंगावर एक मोठा पंचा कायम, आणि त्याखालून जो अवयव पुसायचा तेवढाच बाहेर. डोळे आधी, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाची वेगळी बाजू. गुप्तांग सगळ्यांत शेवटी, वेगळं पाणी, वेगळं कापड, पुढून मागे. स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत नुसतं टिपून कोरडं करायचं; पावडर भरली की घामाने तिचे गोळे होतात आणि तेच कातडी सोलतात. हात पोचत असेल तर कापड आजींच्याच हातात द्यावं, "तुम्ही पुसा, मी पंचा धरते." पहिल्या आठवड्यात डोळे मिटून, ओठ आवळून पडणाऱ्या आजी तिसऱ्या आठवड्यात अंग पुसता पुसता माहेरच्या विहिरीचं सांगायला लागतात, तेव्हा समजावं की विश्वास बसला.

लकव्याच्या पेशंटला कपडे घालताना अशक्त हात आधी, काढताना अशक्त हात शेवटी. हा नियम पाळला की सदऱ्याशी झोंबावं लागत नाही. तो हात धरून कधीच ओढू नये, खांदा सांध्यातून उतरतो आणि तो दुखावा महिनोन्‌महिने टिकतो. चाकाच्या खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसू द्यावं, एकदम उभं केलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, "पुढे वाका आजोबा," आणि कंबरेच्या पट्ट्याला धरून उठवायचं. महिन्याभराने पहिल्यांदा गॅलरीत बसलेला माणूस रस्त्याकडे ज्या डोळ्यांनी बघतो, ते बघायला मिळणं हा या कामाचा हक्काचा वाटा आहे.

विस्मरणाच्या आजारात नियम थोडे वेगळे. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होतं, स्वतःच्याच घरात. "हेच तर तुमचं घर" म्हणून वाद घातला की चिडचिड वाढते. "घरी कोण कोण असतं?" असं विचारावं, हात धरून दोन फेऱ्या माराव्यात, आणि अंधारून यायच्या आधीच दिवे लावून टाकावेत. अंघोळीला नकार असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारावं, आणि पाणी डोक्यावर न घेता पायांपासून सुरू करावं. इथे काम बोलण्याचं कमी आणि सुराचं जास्त आहे.

काम कितीही आवडीचं असलं तरी अटी आधी ठरवून घ्याव्यात, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. पेशंटचं जेवण, कपडे, खोली एवढं आपलं. घरभराची भांडी आणि फरशी आपली नाही, हे पहिल्याच दिवशी ब्यूरोसमोर बोललेलं बरं. चोवीस तासांच्या ड्युटीत सलग झोपेचे तास ठरलेले हवेत, कारण झोप न झालेल्या हातून पेशंट पडतो. घरचे पलंग बुटके असतात आणि वाकून वाकून दोन वर्षांत कंबर जाते. पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालून पलंग आपल्या कमरेइतका उंच करून घ्यावा, आणि पेशंट स्वतः उतरणारा असेल तर मात्र भाड्याने वरखाली होणारा कॉट मागावा. ट्यूब, कॅथेटर, ट्रान्सफर हे सगळं नीट येणाऱ्या माणसाला ब्यूरो वेगळा दर देतो, तो मागून घ्यावा. आणि एखाद्या घरात म्हाताऱ्या माणसाला मारहाण किंवा उपासमार होताना दिसली तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

शेवटच्या दिवसांत काम कमी होतं आणि जबाबदारी वाढते. खाणं थांबतं, जबरदस्ती करू नये. दर तासाला ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओलावावी, ओठांना थोडं तूप. श्वासात घरघर आली तर कुशीवर वळवावं. ऐकू येतंय असं धरूनच बोलत राहावं, आणि बाहेरच्या खोलीत घुटमळणाऱ्या मुलांना आत बोलावून आईचा हात त्यांच्या हातात द्यावा. नंतर मुली मावशींनाच विचारतात, आईला कुठली साडी आवडायची. त्यांना माहीत असतं. कपाटातली दुसऱ्या फळीवरची, हिरव्या काठांची.

दुसऱ्या दिवशी एअर बेडवाला येऊन गादी घेऊन जातो आणि ब्यूरोचा फोन येतो, उद्या सकाळी आठला नवा पत्ता. तेव्हा दोन दिवस मागून घ्यावेत. पगार कापला गेला तरी.